जमीन वर आली हे जीपीएसने कळतं, पण ती का वर आली हे कसं कळतं?

भटकी_रेषा

परवा एक बातमी वाचली आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. २०१२ ते २०२० या काळात दक्षिण आफ्रिकेची जमीन सरासरी ६ मिमी वर आली. तिथल्या कायमस्वरूपी जीपीएस स्टेशनांच्या नोंदी घेऊन जर्मनीच्या बॉन विद्यापीठातल्या मंडळींनी हे काढलं, २०२५ मध्ये त्यांचा पेपर आला. याआधी समज असा होता की देशाखाली खोलवर प्रावरणातून (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातून) तापलेला खडक हळूहळू वर सरकतोय आणि तो जमिनीला खालून ढोसतोय. ही मंडळी म्हणतात, कारण मुख्यतः दुष्काळ आहे. माती, भूजल, धरणं, सगळीकडचं पाणी आटलं, ओझं उतरलं, म्हणून जमीन वर आली.

ओझं उतरलं की वर येणार, इथपर्यंत मला समजतं. अडतंय ते पुढे. जीपीएस शेवटी एक आकडा देतं: आज उंची इतकी. त्या आकड्यावर 'दुष्काळ' असा शिक्का तर नसतो. थर्मामीटर ताप आहे एवढंच सांगतो, कशाचा आहे ते नाही. मग यांनी निदान कसं केलं? आणि आठ वर्षांत ६ मिमी म्हणजे जेमतेम पेन्सिलीची जाडी. इतकं बारीक खरंच दिसतं का?

जाणकारांनी उजेड पाडावा. सूत्रं कमी असली तर उपकार होतील.

उगाच_एक

माझ्या फोनचं जीपीएस मला भर रस्त्यातून उचलून नदीत उभं करतं आणि यांना मिलिमीटर दिसतात!

रुमाल टाकून ठेवतो. मोठा धागा होणार हा.

शून्यमीटर

मला तर हा प्रकार संशयास्पदच वाटतो. २० हजार किमीवरचे उपग्रह, मध्ये ढग, वारा, वाफ, आणि उत्तर ६ मिमी. मोजपट्टीच हलत नाही कशावरून? बरं, दुष्काळ पडला हे आधीच माहीत होतं. आकडा वर गेलेला दिसला की दुष्काळाच्या खुंटीला टांगला, झालं.

थिओडोलाइट

चाळीस वर्षं सर्वेक्षणात घालवली. सुरुवात डंपी लेव्हल आणि स्टाफ (उंची मोजायची दुर्बीण आणि पट्टी) खांद्यावर टाकून, शेवट जीपीएसवर. म्हणून दोन शब्द.

उगाच_एक, तुमचा फोन आणि ही स्टेशनं नावापुरतीच भावंडं. फोन सिग्नलमधला कोड वाचतो, त्यात दोन-चार मीटर इकडेतिकडे होणारच. स्टेशनचा रिसीव्हर मोजतो ती कोड वाहून आणणारी लाटच. तिची लांबी सुमारे १९ सेमी आणि त्या लाटेचा शंभरावा हिस्सा ओळखता येतो, म्हणजे दोनेक मिमी. अँटेना खडकात रोवलेल्या खांबावर किंवा खोल ठोकलेल्या पोलादी गजांवर बसवतात. ती वर्षानुवर्षं जागची हलत नाही. दर ३० सेकंदांना एक नोंद, दिवसाचे चोवीस तास, आणि त्यातून त्या दिवसाचा एक ठिपका.

आता वाटेतल्या भानगडी. आयनोस्फियर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, सिग्नलला उशीर करतो. तो उशीर फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो, म्हणून दोन फ्रिक्वेन्सी ऐकून तो बराचसा वजा करता येतो. खालची हवा मात्र दोन्हींना सारखीच अडवते. उपग्रह थेट माथ्यावर असला तरी हवेमुळे अंतर सुमारे २.३ मीटर जास्त भासतं. त्यातला कोरड्या हवेचा भाग दाबावरून काढता येतो. वाफेचा भाग लहान असतो पण लहरी, तो उंचीबरोबरच गणितातून सोडवावा लागतो. शिवाय उपग्रह नेमका कुठे होता हे नंतर जगभरच्या स्टेशनांवरून पुन्हा काढतात. त्या पक्क्या कक्षा हाती यायला दोनेक आठवडे लागतात. घाई असलेल्या माणसाचं हे काम नाही.

इतकं करूनही उभी दिशा ही आडव्यापेक्षा दोन-तीन पट कच्चीच राहते. कारण साधं आहे. आडव्या दिशेत उपग्रह चहूबाजूंनी दिसतात, उभ्या दिशेत सगळे डोक्यावर. पायाखालून एकही दिसत नाही, मध्ये पृथ्वी आहे.

रोजचा ठिपका पाच-सात मिमी वरखाली नाचतो. पण रेषाताई, आठ वर्षांचे जवळपास तीन हजार ठिपके असतात. एकेकाला विचारलंत तर खोटं बोलतील, सगळ्यांना एकत्र उभं केलंत की खरं सांगतात.

उगाच_एक

काका, म्हणजे माझा फोन खरा गुन्हेगार नाही, फक्त अडाणी आहे. घेतलं समजून.

खडकाळ

काकांनी 'दिसतं का' याचं उत्तर दिलं. 'का' कडे मी वळतो, हे माझ्या रोजच्या कामाच्या जवळचं आहे.

जमीन वर यायची कारणं अनेक आहेत, पण प्रत्येकाची चाल वेगळी असते. ठिपका किती वर गेला याच्यापेक्षा तो कसा गेला हे बघायचं.

भूकंप झाला तर आलेखात पायरी दिसते. काल इथे होता, आज तिथे. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडू खोरं काही सेकंदांत जवळपास एक मीटर उचललं गेलं आणि उत्तरेकडची उंच शिखरं थोडी खाली बसली. १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोटो द्वीपकल्पाचा किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर आला आणि बंदरं कोरडी पडली. तिथे कारण शोधत बसावं लागत नाही.

ज्वालामुखीखाली शिलारस किंवा वायू साठू लागला तर वेग महिन्यामहिन्याला बदलतो, आणि फुगवटा काही किमी ते काही दहा किमीतच संपतो. आजूबाजूची स्टेशनं केंद्रापासून बाहेरही सरकतात, फुग्यावर पेनने काढलेले ठिपके फुगवताना पांगतात तशी.

हिमयुगातला बर्फ वितळल्यामुळे जमीन वर येते तेव्हा रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. वीस वर्षांच्या नोंदीत त्या वेगात फारसा फरक पडत नाही, कारण खालचं प्रावरण अतिशय घट्ट आहे. बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली तरी ते अजून सावकाश परत येतंय.

पाण्याचं तसं नाही. ते ऋतूप्रमाणे येतं-जातं. जमीन पावसाळ्यात दबते, उन्हाळ्यात उसळते, आणि तीही लगेच, कारण हा खडकाचा स्थितिस्थापक प्रतिसाद असतो, रबरासारखा: दाबलं की दबतो, सोडलं की परत येतो. अॅमेझॉनकाठच्या मनाउसमध्ये नदीला पूर येतो आणि ओसरतो तसं तिथलं स्टेशन दरवर्षी ५० ते ७५ मिमी खालीवर होतं. शून्यमीटर, पेन्सिल सोडा, इथे बोटभर लांबी आहे.

दक्षिण आफ्रिकेकडे या नजरेने बघा. प्रावरणातला फुगवटा लाखो वर्षांच्या हिशोबात चालतो. तो पाच वर्षांत वेग बदलत नाही आणि ऋतू तर त्याच्या गावीही नसतो. इथे जिथे पाण्याची तूट जास्त तिथे उचल जास्त, अशी जुळणी निघाली. निदान होतं ते अशा खुणांवरून. नुसतं ६ मिमी म्हटलं तर त्यातून कोणतंच कारण बाहेर पडणार नाही.

मध्यरात्र

थांबा थांबा. भूजल उपसलं की जमीन खचते असं आम्ही आजवर ऐकत आलो. इमारतींना तडे जातात, शहरं बुडतात. आणि इथे पाणी कमी झालं म्हणून जमीन वर आली? दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा बुवा.

खडकाळ

@मध्यरात्र, दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी घडतं.

स्पंज आणि गादी अशा दोन वस्तू डोळ्यांसमोर आणा. गाळाचा थर हा स्पंज. त्यातलं पाणी काढलं की कणांमधला दाब जातो, थर आवळतो आणि वरची जमीन खाली बसते. कधीकधी मीटरमध्ये. त्याखालचा आणि भोवतालचा पक्का खडक ही गादी. स्पंज हलका झाला की गादीवरचं वजन घटतं आणि ती वर येते, पण मिलिमीटरमध्ये.

कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यात दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळतं. खोऱ्यातली शेती भूजलावर चालते, तिथली जमीन खचतेय. आणि बाजूचा सिएरा नेवाडा पर्वत वर्षाला १ ते ३ मिमी वर येतोय. म्हणून ओझ्याचा अभ्यास करणारे गाळावरची स्टेशनं आधी बाजूला काढतात आणि पक्क्या खडकावरचीच वापरतात. ती चाळणी लावली नाही तर तुमचा प्रश्न त्यांनाही पडला असता.

मध्यरात्र

स्पंज-गादी पटलं. वाचनखूण साठवली आहे.

अर्धविराम

अवांतर आहे, पण राहवत नाही. जमीन वर येते याचा शोध उपग्रहांच्या खूप आधी लागला, फक्त उलटा लागला. स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या बॉथ्नियाच्या आखातात सील ज्यांवर येऊन पहुडायचे असे खडक असत. शिकारीसाठी ते मोलाचे, म्हणून त्यांची कागदोपत्री नोंद व्हायची. पिढ्या उलटल्या तसे ते खडक पाण्यातून इतके वर आले की सीलांना चढता येईना. तापमापीवाला आंद्रेस सेल्सिअस यात गुंतला. १७३१ मध्ये त्याने लोवग्रुंड बेटावरच्या खडकात पाण्याच्या पातळीशी खूण कोरून घेतली. त्याचा निष्कर्ष: समुद्र आटतोय. निरीक्षण चोख, कारण साफ चूक! (खरं कारण खडकाळ यांनी वर सांगितलेलं, हिमयुगातला बर्फ गेल्यावर जमीन वर येणं.)

आज तीच खूण पाण्यापासून चांगलीच वर आहे. पलीकडे फिनलंडच्या बाजूला क्वार्केन द्वीपसमूहात दरवर्षी सुमारे एक चौरस किमी नवी जमीन समुद्रातून बाहेर येते. स्वीडनच्या बाजूला 'उंच किनारा' म्हणून भाग आहे, तिथे जुनी किनाऱ्याची रेषा आजच्या समुद्रापासून २८६ मीटर उंचीवर सापडते. म्हणजे डोंगरमाथ्यावर उभं राहायचं आणि पायाखाली समुद्रकाठचे गोटे.

भटकी_रेषा

अर्धविराम, अवांतर कसलं, माझा प्रश्न हाच तर आहे. सेल्सिअसकडे आकडा बरोबर होता आणि कारण चुकलं. आज आपण तसंच करत नाही आहोत याची खात्री काय?

ठिपका

रेषाताईंशी सहमत. इतिहासात 'निरीक्षण चोख, कारण चूक' याची कमी नाही.

चुंबक

एव्हरेस्ट कुणीच काढलं नाही अजून? मीच काढतो. २०२४ मध्ये एक अभ्यास आला. सुमारे ८९,००० वर्षांपूर्वी अरुण नदीने दुसऱ्या नदीचा वरचा प्रवाह आपल्याकडे वळवून घेतला, तिचा जोर वाढला, तिने दरी खोल कोरली, लाखो टन खडक वाहून नेला, आणि ओझं उतरल्यामुळे शेजारचं एव्हरेस्ट १५ ते ५० मीटर जास्त उंच झालं. दुष्काळाचीच गोष्ट, फक्त पाण्याच्या जागी दगड.

खडकाळ

@चुंबक, गोष्ट सुंदर आहे, पण सावध. तिथे जीपीएसचा पुरावा सहाय्यक आहे, मुख्य हिशोब नदीच्या कोरण्याच्या प्रतिमानाचा आहे. हिमालयात दोन भूखंडांची टक्कर चालू असताना 'यातले इतके मिमी नदीमुळे' असं वेगळं काढणं हे गर्दीत एकाचाच आवाज ओळखण्यासारखं आहे. मला ते पटण्याजोगं वाटतं, सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. आणि लाखो नाही, अब्जावधी टन म्हणा.

शून्यमीटर

सगळं वाचलं. ठिपक्यांची सरासरी मान्य, चाल बघायची मान्य. माझा मूळ मुद्दा मात्र कुणी शिवलाच नाही. वर म्हणजे कशाच्या वर? समुद्र म्हणाल तर तो स्वतःच चढतोय. शेजारची जमीन म्हणाल तर तीही हलतेय. उपग्रह म्हणाल तर त्यांच्या जागा तुम्ही जमिनीवरच्याच स्टेशनांवरून काढता. हा तर सापाने स्वतःची शेपटी धरण्याचा प्रकार झाला.

दशांश

शून्यमीटर यांचा प्रश्न धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. माझी पीएचडी याच चौकटीवर (उंची कशापासून मोजायची, त्या संदर्भावर) अडकली आहे म्हणून मनापासून लिहितोय. 😅

'वर' म्हणजे पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून दूर. उपग्रह त्या केंद्राभोवती फिरतात, त्यांना पृष्ठभागाचं देणंघेणं नाही. हे केंद्र सर्वात चांगलं पकडतात ते लेझरने: लॅजिओस नावाचे आरसे बसवलेले जड धातूचे गोळे आहेत, त्यांच्यावर जमिनीवरून लेझर मारून परत येण्याचा वेळ मोजतात. लेझर, जीपीएस, दूरच्या क्वेसारांकडे (दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांकडे) रोखलेल्या रेडिओ दुर्बिणी, सगळं एकत्र करून एक जागतिक चौकट बांधतात. सध्याच्या चौकटीचं नाव आयटीआरएफ २०२०. आधीची २०१४ ची होती.

आणि हो, ती चौकट निर्दोष नाही. केंद्राच्या सरकण्यात वर्षाला अर्ध्या मिमीच्या आसपास अनिश्चितता धरतात. ६ मिमी भागिले ८, म्हणजे वर्षाला पाऊण मिमी. शून्यमीटर, तुमचा संशय अस्थानी नाही. नुसत्या सरासरी वेगावर कुणी निष्कर्ष काढला असता तर मीही हात वर केला असता.

पण चौकट चुकली तर ती कशी चुकते ते बघा. ती अख्ख्या देशाची सगळी स्टेशनं जवळपास सारखीच उचलेल, आणि सरळ रेषेत उचलेल. तिला २०१५ साली पाऊस कमी झाला हे कळणार नाही. एका स्टेशनाचा आलेख वाकतो, चारशे किमीवरच्या दुसऱ्याचा कमी वाकतो, आणि दोन्हींची वाकणं आपापल्या भागातल्या पाण्याशी जुळतात, हे चौकटीच्या चुकीतून निघत नाही. पुरावा वेगात नाही, वळणात आहे.

दुसरी साक्ष काढायची ती ग्रेस नावाच्या उपग्रह-जोडीची. २००२ ते २०१७ या काळात दोन उपग्रह एकामागोमाग सुमारे २२० किमी अंतर राखून फिरत होते. खाली वस्तुमान जास्त आलं की पुढचा आधी ओढला जातो आणि त्यांच्यातलं अंतर केसापेक्षा बारीक फरकाने बदलतं. त्यावरून खाली वजन किती ते काढतात. २०१८ पासून दुसरी जोडी तेच काम करते. हे उंची मोजत नाहीत, वजन मोजतात, म्हणून ही साक्ष स्वतंत्र.

आता रेषाताईंच्या सेल्सिअसकडे येतो. स्वीडनमध्ये जमीन वर येतेय आणि तिथे वस्तुमान वाढतंय, कारण खालून प्रावरण परत भरतंय. दुष्काळात जमीन वर येते तेव्हा वस्तुमान घटलेलं असतं. उंचीचा बाण दोन्हीकडे वर, वजनाचा बाण उलट्या दिशांना. सेल्सिअसकडे नेमका हा दुसरा बाण नव्हता.

ग्रेसची नजर जाड आहे हे मात्र खरं, तीनशेक किमीपेक्षा बारीक त्याला नीट दिसत नाही. तिथे उलट जीपीएस स्टेशनं त्याला चष्मा देतात.

शून्यमीटर

'पुरावा वेगात नाही, वळणात आहे.' हे आधीच सांगितलं असतं तर मी तीन प्रतिसाद वाचवले असते. अर्धा पटलो. उरलेला अर्धा अमेरिकेच्या उदाहरणासाठी राखून ठेवतो, तिथेही असाच दुष्काळ होता ना?

दशांश

होता, आणि २०१४ मध्ये त्यावर गाजलेला अभ्यास आला. पश्चिम अमेरिकेतली शेकडो स्टेशनं, साधारण उचल ४-५ मिमी, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत १५ मिमीपर्यंत. त्यावरून त्यांनी उलटा हिशोब केला: सुमारे २४० अब्ज टन पाण्याची तूट. अख्ख्या पश्चिम भागावर १० सेमी पाण्याचा थर पसरावा इतकी.

उलट्या दिशेची परीक्षाही निसर्गाने घेतली. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टनवर इतकं पाणी ओतलं की जमीन २१ मिमीपर्यंत दबली. पाणी ओसरत, वाफ होत गेलं तशी पाचेक आठवड्यांत ती सावरली. ओझं ठेवलं, दबली. काढलं, उठली. गादीच.

उगाच_एक

म्हणजे पृथ्वी हा वजनकाटा आहे आणि पाऊस त्यावर चढून-उतरून बघतोय.

ठिपका

अडाणी प्रश्न: भरती-ओहोटीचं पाणीही ओझंच ना? मग किनाऱ्यावरची स्टेशनं रोज हलत असतील.

थिओडोलाइट

अडाणी अजिबात नाही. हलतात, काही किनाऱ्यांवर काही सेंटिमीटर. त्याहून मोठं सांगतो: चंद्र-सूर्य नुसत्या समुद्राला नाही, घट्ट जमिनीलाही ओढतात. तुम्ही आता बसला आहात ती जमीन दिवसातून दोनदा तीसेक सेंटिमीटर वर-खाली होते. सगळंच एकत्र हलतं म्हणून आपल्याला कळत नाही. हे सगळं आधी वजा करायचं, हवेच्या दाबाचं ओझंही बघायचं, मग त्या ६ मिमीला हात घालायचा. शून्यमीटर, संशय ठेवा, पण काम किती केलंय तेही बघा.

एक किस्सा सांगतो, संस्थेचं नाव नको. एका स्टेशनचा आलेख चार वर्षं शहाण्यासारखा सपाट. मग एका दिवसापासून सगळे ठिपके ९ मिमी वर. त्यानंतर पुन्हा सपाट. दोन तरुण पोरं भारावून गेली. जवळच एक जुनी भेग नकाशात होती, ती 'जागी झाली' असा अहवाल तयार. तीन महिने त्यावर बैठका. मी तिथे दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. राखणदाराला सहज विचारलं, इथे काही घडलं होतं का? म्हणाला, वीज पडली होती, साहेबांनी वरची टोपी बदलली.

टोपी म्हणजे अँटेना! नवीन मॉडेल, तिचा विद्युत केंद्रबिंदू वेगळ्या उंचीवर, आणि स्टेशन लॉगमध्ये एका अक्षराची नोंद नाही. भेग निवांत झोपली होती.

तेव्हापासून माझा नियम: पायरी दिसली की भूकंपाआधी लॉग बघायचा. लॉग कोरा असला तर राखणदार गाठायचा.

खडकाळ

😂 काका, हे प्रत्येक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठ करायला लावायला हवं. भर घालतो: अँटेनावर बर्फ साचला की उंची खोटी येते. शेजारचं झाड वाढत गेलं की परावर्तित सिग्नल बदलतो. स्टेशन इमारतीच्या छतावर असेल तर उन्हाळ्यात इमारतच फुगते आणि तुम्हाला 'ऋतूनुसार भूजल' सापडतं.

जीपीएसचं स्वतःचंही एक खोटं वर्ष आहे. उपग्रहांच्या कक्षा आणि सूर्य यांची तीच मांडणी सुमारे ३५१ दिवसांनी पुन्हा येते, आणि आलेखात त्या लयीची लाट उमटते. ३६५ च्या इतकी जवळ की दोन-तीन वर्षांच्याच नोंदी असतील तर ती पावसाळ्यात मिसळून जाते.

मध्यरात्र

मग ज्वालामुखीवाले यावर विश्वास कसा ठेवतात? तिथे तर माणसं हलवायची असतात.

खडकाळ

तिथे आकडेच मोठे असतात. नेपल्सजवळच्या कांपी फ्लेग्रेईत १९८२ ते १९८४ या काळात जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली. पोझ्झुओली गावातले हजारो लोक हलवावे लागले. २००५ पासून पुन्हा वर येतेय. तिथल्या रोमन बाजाराच्या संगमरवरी खांबांवर उंचावर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेला पट्टा आहे: खांब बुडाले होते आणि परत वर आले, याचा दगडी आलेख. अशा ठिकाणी वर येतेय का हा वाद नसतो. आत शिलारस आहे की तापलेलं पाणी आणि वायू, यावर अजून भांडण चालू आहे. रेषाताई, बघा, इतका ढळढळीत पुरावा असून 'का' तिथेही सुटलेलं नाही.

अर्धविराम

मग वाढत्या समुद्राला जमीन वर येणं हे उत्तर मानायचं का? काही देशांची चंगळ आहे.

दशांश

स्टॉकहोमला आजवर तसंच आहे, समुद्र चढतोय त्यापेक्षा जमीन जोरात वर येतेय. दुष्काळाच्या उचलीवर कुणी भरवसा ठेवू नये, पाऊस आला की ती परत जाते. आणि बर्फाचं तर बोलूच नका. अंटार्क्टिकात अमुंडसेन समुद्राकाठी वर्षाला ४१ मिमी वेग मोजलाय, कारण तिथलं प्रावरण अपेक्षेपेक्षा कमी घट्ट निघालं. जमीन उचलली गेल्याने तिथल्या हिमनद्यांना थोडा टेकू मिळेल अशी आशा आहे, पण ज्या बर्फामुळे ती उचलली जातेय तो समुद्रातच चाललाय.

भटकी_रेषा

सगळ्यांचे आभार. दोन रात्री जागून काही उद्योग केलेत, सांगते.

नेवाडा विद्यापीठाची एक प्रयोगशाळा जगभरातल्या हजारो स्टेशनांचे आलेख फुकट उघडे ठेवते हे कळलं. आधी उत्तर स्वीडनमधलं एक उघडलं. खडकाळ म्हणाले तसंच, पट्टीने ओढल्यासारखी रेष, वर्षाला साधारण सेंटिमीटरभर. मग मनाउस. दरवर्षी एक टेकडी, एक दरी. कागदावर नदीचा पूर दिसला हो! पाण्याचा एक थेंब न मोजता.

मग दक्षिण आफ्रिका. तिथे मान खाली घालून बसले, कारण डोळ्यांना सुरुवातीला नुसतं धुकं दिसतं. महिन्याची सरासरी काढली तेव्हा कुठे वळण जाणवलं, आणि तेही मला हवं होतं म्हणून दिसलं की खरंच आहे, हे मी सांगू शकत नाही. आता कळतं की सगळ्या स्टेशनांना एकत्र उभं का करावं लागतं.

एक प्रश्न उरलाय. चांगला पाऊस झाला की ती जमीन परत बसायला हवी ना? बसली तर दुष्काळ, नाही बसली तर प्रावरण. इतकं सोपं असेल का?

खडकाळ

जवळपास तितकंच सोपं. थोडं प्रावरणाचं, थोडं पाण्याचं असंही निघू शकतं, त्यांनीही 'मुख्यतः' असंच म्हटलंय. खोल भूजल भरायला पावसापेक्षा जास्त वर्षं लागतात, तेव्हा बसलीच तर हळूहळू बसेल. पण परीक्षा नेमकी हीच, आणि तिचा निकाल ठिपक्याठिपक्याने लागतोय.

शून्यमीटर

उरलेला अर्धा निकालानंतर पटेन.

भटकी_रेषा

जाता जाता: त्याच यादीतलं एक स्टेशन उघडलं (कुठलं ते नाही सांगत). एका दिवसापासून सगळे ठिपके ११ मिमी वर. आसपास भूकंपाची नोंद नाही. मला वाटतं मला काहीतरी सापडलंय!!

थिओडोलाइट

लॉग बघितला का?

भटकी_रेषा

…बघते.

भटकी_रेषा

टोपी.